शिकु-शिकु की किरी-किरी?
आज तोक्योत, निशी-कासाईतल्या दवाखान्यात पोटदुखी घेऊन गेले. डॉक्टरांच्या टेबलावर इंग्रजी जर्नल, कडेने पेन्सिलीच्या खुणा. पण माझ्याशी बोलायची वेळ आली नि बिचारे घामाघूम! शेवटी कागदावर सुरेख अक्षरात 'गॅस्ट्रायटिस' लिहून माझ्याकडे सरकवलं. मग विचारलं, "शिकु-शिकु? किरी-किरी?" म्हणजे मंद दुखतंय की कळ येतेय. मी तोंड वाकडं करून कळ दाखवली. दोघंही हसलो.

इथे केसपेपरला अजून 'कारुते' म्हणतात, मूळ जर्मन शब्द 'कार्टे'. एकोणिसाव्या शतकात, मेइजी सम्राटाच्या काळात, जपानने वैद्यक जर्मनांकडून घेतलं, त्याची ही खूण. वाचण्यापुरतं इंग्रजी यांना येतंच हो, पण "कधीपासून दुखतंय?" एवढं तोंडातून निघायला सराव लागतो.

निघताना म्हणाले, "टेक केअर." अगदी स्पष्ट. बहुतेक आधी मनात म्हणून बघितलं असावं.