दुसऱ्या डोसाचा हिशेब

अमेरिकी अभ्यासक जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये सॉफ्ट पॉवरची कल्पना मांडली: धाक न दाखवता, पैसे न चारता दुसऱ्या देशाला आपल्या बाजूने वळवण्याची ताकद. आपल्याकडे ही चर्चा योग आणि सिनेमापाशीच अडकते. भारताच्या सॉफ्ट पॉवरचा खरा कस लागला तो २०२१ मध्ये, पुण्याच्या सीरममध्ये बनलेल्या कोविशिल्ड या करोनाच्या लशीमुळे.

२० जानेवारी २०२१ ला 'लस मैत्री' ही इतर देशांना लस पुरवण्याची भारताची मोहीम सुरू झाली. पहिल्याच दिवशी भूतानला दीड लाख आणि मालदीवला एक लाख डोस गेले. श्रीमंत देश तेव्हा लशी साठवून बसले होते. शिवाय फायझरच्या लशीला उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागायची, तर कोविशिल्डला २ ते ८ अंश पुरे. लहान मुलांच्या लसीकरणासाठी गावोगाव असलेले फ्रिज तिला चालत होते. शेजाऱ्यांना आपली लस जवळची वाटली, त्यात या साध्या गोष्टीचा वाटा मोठा होता.

मार्चमध्ये भूतानला आणखी चार लाख डोस मिळाले. एकूण साडेपाच लाख, म्हणजे तिथल्या प्रौढांना जेमतेम एकेक. भूतानने दोनेक आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक पात्र प्रौढांना पहिला डोस दिला. दुसऱ्या डोसासाठी साठाच नव्हता. भारतात दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली. जुलैत भूतानची गरज भागवली ती मुख्यतः अमेरिकेने कोव्हॅक्स या जागतिक लस-वाटप योजनेमार्फत पाठवलेल्या मॉडर्नाच्या पाच लाख डोसांनी.

बांगलादेशचं दुखणं याहून मोठं. त्यांनी सीरमशी तीन कोटी डोसांचा करार केला होता, दरमहा ५० लाख. करारातले ७० लाखच पोचले. भेट म्हणून दिलेले डोस वेगळे. एप्रिलअखेर ढाक्याने पहिला डोस देणं थांबवलं आणि चीनच्या सिनोफार्मला परवानगी दिली. मे महिन्यात चिनी लशीचे पाच लाख डोस भेट म्हणून उतरलेही.

घरात माणसं ऑक्सिजनअभावी जात असताना निर्यात रोखणं मला चूक वाटत नाही. चूक आधीची आहे. दोन डोसांची लस देताना देशांची यादी वाढवत नेली, पण ज्यांना पहिला डोस दिला त्यांचा दुसरा बाजूला काढून ठेवला नाही. निम्म्या देशांना दिली असती, पण दोन्ही डोस पुरवले असते, तर ढाक्याला त्या एप्रिलमध्ये बीजिंगकडे इतक्या घाईने वळावं लागलं नसतं. निर्यात पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.