बाळसं

शिमग्याच्या आधीची फेरी होती. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली घरं सणापुरती जव्हारच्या पाड्यांवर परततात. आम्हा अंगणवाडी पर्यवेक्षिकांना ती मुलं वजनाला मिळतात ती याच चार दिवसांत.

२२ महिन्यांचा मुलगा काट्यावर ठेवला. ९ किलो ९००. सेविकाताईंनी मोबाईलमध्ये नोंद केली, रंग हिरवा, म्हणजे वयाच्या मानानं वजन ठीक. "मॅडम, भट्टीवर राहूनही बाळसं धरलंय बघा." मीही मान डोलावली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. खोटं कशाला सांगू.

आजी जागची हलेना. ती पाड्यावरच राहिलेली, नातवाला चार महिन्यांनी बघत होती. "हसत नाही तो," एवढंच म्हणाली.

पुन्हा जवळ घेतला. दंडाला पट्टी लावली: १२.२ सेंटीमीटर, पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषित. गाल फुगलेले आणि दंड बारीक? दोन्ही पावलांवर अंगठे तीन सेकंद दाबून धरले. काढले तर खळगे तसेच, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसे. काट्यावर चढलं होतं ते पाणी. मूत्रपिंडाचं दुखणं नाही ना हे डॉक्टर बघतीलच, पण आमच्या लेखी दोन्ही पायांवर अशी सूज म्हणजे मूल सॅम, तीव्र कुपोषित. मग वजन काहीही असो.

धान्य नव्हतं असं नाही. अंत्योदय कार्ड, महिन्याला ३५ किलो. आजी उचलायची, कुणाबरोबर तरी भट्टीवर पाठवायची. पोरगा दोन्ही वेळ जेवत होता. भात, मीठ, मिरची. डाळ कधीमधी.

बाप म्हणाला, परवा गाडी निघतेय, उचल घेतलीय. पोषण पुनर्वसन केंद्रात १४ दिवस राहायचं, आईला बुडीत मजुरी मिळते, हे मी सांगत राहिले. त्या पैशांत उचल फिटत नाही, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. आजीनं तोवर सुनेचं लुगडं आणि पोराची गोधडी बोचक्यात बांधून दाराशी आणून ठेवली होती. बाप एकटाच गेला.

सहाव्या दिवशी केंद्रातून आईचा फोन, आवाज चढलेला. "इथं नुसतं पातळ दूध पाजतात. वजन उतरलं पोराचं, ९ किलो १००!"

म्हटलं, पायावर अंगठा दाबून बघ.

जरा वेळानं म्हणाली, "खळगा पडतो. पण लगेच भरतो."

त्या आठवड्यात सेविकाताईंच्या मोबाईलवर तो हिरव्यातून पिवळ्यात गेला. वरून मला विचारणा झाली, मूल खालावलं कसं?