तोरुनचा संडास

पोलंडमध्ये काय पाहिलं असं कुणी विचारलं की आई आधी सांगते, "संडास." समोरचा माणूस गडबडतो, मग मला पुढचं सगळं सांगत बसावं लागतं. म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

क्राकूव्हचे तीन दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले. वावेलचा किल्ला, मारियात्स्की चर्चमधली फाइट श्टोसने बारा वर्षं खपून कोरलेली लाकडी वेदी, दर तासाला मनोऱ्यावरून वाजणारी आणि मध्येच तुटणारी ती तुतारी. सुंदर आहे, गर्दीही तितकीच आहे. मग अर्धा दिवस गाडीत काढून तोरुनला पोचलो. मध्ययुगातलं हे व्यापारी गाव विस्तुला नदीच्या काठी आहे, कोपर्निकस १४७३ मध्ये इथेच जन्मला, आणि दुसऱ्या महायुद्धात गाव बऱ्यापैकी वाचल्यामुळे जुन्या विटा खरोखरच जुन्या आहेत. हे सगळं मी आईला हॉटेलात चहा पिताना वाचून दाखवलं. चूक तिथेच झाली. वाचन लांबलं आणि आईने दोन कप चहा घेतला.

ऑक्टोबरची थंडी, नदीवरून येणारा बोचरा वारा, वर दोन कप चहा आणि आईचं वय अडुसष्ट. कोपर्निकसच्या पुतळ्यापाशी पोचेतो तिचा चेहरा बदलला. शोधत शोधत एका बंद दारापाशी आलो. दारावर फक्त एक त्रिकोण, टोक खाली केलेला.

"काय गं, इथे कुटुंबनियोजन केंद्र आहे का?" आईने विचारलं. तिची नोकरी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात गेली. उलटा त्रिकोण दिसला की तिला दुसरं काही सुचत नाही.

पोलंडमध्ये त्रिकोण म्हणजे पुरुष आणि वर्तुळ म्हणजे बायका. हे कुणी ठरवलं देव जाणे. शेजारी वर्तुळाचं दार होतं, पण त्यालाही कुलूप, आणि कुलुपात दोन झ्लोटीचं नाणं टाकायची फट. माझ्याकडे कार्ड, फोन आणि शंभरची कोरी नोट. पोलंडमध्ये भाजीवाल्या आज्यासुद्धा कार्ड घेतात म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सुटे पैसे घेतलेच नव्हते. निघण्यापूर्वी चर्च, संग्रहालयं, गाड्यांच्या वेळा सगळं तक्त्यात मांडलं होतं. आईला दर दोन तासांनी जावं लागतं, हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

नोट मोडायला शेजारच्या दुकानात शिरले. ते प्येर्निकीचं दुकान होतं, म्हणजे इथली प्रसिद्ध मध-मसाल्याची बिस्किटं. गल्ल्यावरच्या मुलीने नोट पाहून मान हलवली, सुटे नाहीत, कार्ड द्या. मी हातवारे करून नाणं, दार, कुलूप समजावत होते. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. दारात पाय आवळून उभ्या असलेल्या आईकडे ती बघत होती. काही न बोलता ती उठली, आईच्या दंडाला धरलं आणि मागच्या दाराने, खोक्यांच्या थप्प्यांमधून, तिला आत घेऊन गेली.

आई परत आली ती वेगळीच बाई होती. पैसे द्यायला लागली तर मुलीने तिचा हात मागे सारला आणि वर बदामाच्या आकाराचं एक तुटकं प्येर्निक तिच्या हातावर ठेवलं. आईने चावून पाहिलं. "लवंग आहे, दालचिनी आहे, सुंठ आहे. मसाला आपलाच की! फक्त कडक फार." मग तीन डबे विकत घेतले. गरजेपेक्षा दोन जास्त, पण तेव्हा हिशेब करायची कुणाची छाती होती?

या पार्श्वभूमीवर आम्ही किल्ला बघायला गेलो, आणि किल्ला म्हणून तिथे उभा होता तो एक संडास.

खरंच. ट्यूटॉनिक सरदारांचा, म्हणजे जर्मन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा, हा किल्ला. म्हणायला साधू, कामाने लढवय्ये. माझोव्ह्ये या पोलिश प्रांताचा ड्यूक कोनराद याला उत्तरेच्या प्रशियन टोळ्यांचा त्रास होता, म्हणून त्याने १२२६ मध्ये या मंडळींना मदतीला बोलावलं. पुढचं आपल्या म्हणीत आहे, भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. टोळ्या संपल्या, पण पाहुणे हलेनात. मुलूख बळकावला, किल्ले बांधले, शहरांवर कर बसवले. १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड आणि लिथुएनियाने त्यांना झोडपलं, त्यांचा प्रमुख रणात पडला, तरी ते टिकले. शेवटी १४५४ च्या फेब्रुवारीत तोरुनचे व्यापारी आणि कारागीरच उठले. किल्ला घेतला आणि हे लोक परत येऊन बसायला नकोत म्हणून तो पाडून टाकला.

नंतर त्या जागेचा चक्क उकिरडा झाला. १४६६ मध्ये याच गावात झालेल्या तहाला पाचशे वर्षं झाली तेव्हा, १९६६ मध्ये, कचरा उपसून अवशेष लोकांसाठी खुले केले. आज गुडघ्याएवढ्या भिंती, तळघरं, विटांचे ढीग, आणि या सगळ्याच्या कडेला एक धडधाकट उंच चौकोनी बुरूज. किल्ल्यापासून त्याच्याकडे कमानींवरून जाणारा बंदिस्त रस्ता. हे ग्दानिस्को, सरदारांचं शौचालय. बांधणी अशी की बुरूज ओढ्यावर येईल, वरून पडलेलं खालचं पाणी वाहून नेईल.

आई बराच वेळ मान वर करून बघत होती. "सगळं पाडलं आणि हेच ठेवलं?"

"हो."

"पाडणार कोण, पण? कुदळ मारली की डोक्यावर काय पडेल सांगता येतं का?" मग थोडं थांबून, "आणि बघ, याला कुलूप नाही."

मी खूप हसले. पण त्या विटांवरून हात फिरवताना जरा विचित्रही वाटलं. आपला किल्ला म्हणजे डोंगर आणि काळा दगड, चढताना फुटलेला घाम. इथे सपाट जमीन, दगडाचा दुष्काळ, म्हणून माती भाजून भाजून सगळं उभं केलेलं. वीट हातात मावते. शिडी लावून एकेक काढता येते. आपल्याकडे इंग्रजांना गड पाडायला सुरुंग लावावे लागले, इथे गावकऱ्यांनीच तो पाडला.

दुसऱ्या दिवशी माल्बोर्क, याच सरदारांची राजधानी. मला दिवसभर तिथेच राहायचं होतं, आईला दोन तास पुरले. तिला इतिहासातलं एकच पटलं. १४५४ च्या त्या उठावातून पेटलेल्या युद्धात सरदारांनी भाडोत्री सैनिकांचा पगार थकवला, बदल्यात किल्ला गहाण टाकला, आणि त्या सैनिकांनी १४५७ मध्ये तो पोलंडच्या राजाला १,९०,००० सोन्याच्या नाण्यांना विकून टाकला. लढून जो मिळाला नव्हता तो किल्ला रोखीने मिळाला. "बघ," आई म्हणाली, "रोख लागतेच."

तिथेही ग्दानिस्को आहे, लांबलचक गॅलरीच्या टोकाला. वाट दाखवायला कोपऱ्यात एक छोटा कोरीव सैतान बसवलाय. पोलंडभर त्रिकोण आणि वर्तुळात चुकलेल्या आईला हा सैतान एका नजरेत कळला.

संध्याकाळी ग्दान्स्कची गाडी. माल्बोर्कहून निघताच रूळ नोगात नदीवरून जातात आणि खिडकीत अख्खा किल्ला येतो, लालभडक, पाण्यात उलटा पडलेला. मी फोन काढला, आईला हलवलं, "अगं बघ, बघ!"

आईच्या मांडीवर रुमाल उघडा होता. दिवसभर जिथे तिथे मोडून घेतलेली नाणी ती एकावर एक रचत होती.

"दोनची अकरा झाली," मान वर न करता ती म्हणाली. "ग्दान्स्कला किती घेतात गं?"