केसाळ अळ्यांची बरणी : दुसरा प्रयत्न

पहिली बरणी फुकट गेली होती. पडवीत ठेवलेल्या बांगड्याच्या डोक्यांवर दिसतील ती माश्यांची अंडी सरसकट उचलली, त्यात बहुतेक मेगासेफला निघाल्या आणि थोड्या रुफिफेशिस (दोन्ही क्रायसोमिया माश्यांच्या जाती). क्रायसोमिया रुफिफेशिसची अळी दुसऱ्या अवस्थेपासून अंगभर मांसल काटे काढते, आणि खाणं कमी पडलं की शेजारच्या अळीवरच ताव मारते. भिंगाखाली पाहिलं, तर एकीने मेगासेफलाच्या अळीला विळखा घातला होता. संध्याकाळी तिथे नुसतं सुरकुतलेलं कातडं.

म्हणून या खेपेला रुफिफेशिसची एकच मादी घेतली. छातीच्या बाजूचं पुढचं श्वासरंध्र पांढरट, गालही पांढरट, तेव्हा ओळखीत शंका नाही (मेगासेफलाचं ते रंध्र गडद तपकिरी, गाल नारिंगी). बरणी पालथी घातली तेव्हा ती बांगड्याच्या कल्ल्यात शेपूट खुपसून बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी फुटलेली. भुसा, मलमलचं फडकं, रोज मूठभर मासळीची घाण. बरणी अर्थातच घराबाहेर, हुकूम आतून आलाय. पाचव्या-सहाव्या दिवशी कोष धरले, तेही भुशात लांब न जाता बहुतेक माशाच्या काट्यांना चिकटून. कोषावरही काटे दिसतात, त्यामुळे रिकामं टरफल सापडलं तरी ओळख पटते.

दहाव्या दिवसापासून माश्या निघायला लागल्या. एकूण ५३. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात, मादीचे सुटे राहतात. एकेक करून सगळ्या तपासल्या, ५३च्या ५३ माद्या! या जातीत एका मादीला एक तर सगळे मुलगे होतात किंवा सगळ्या मुली. ते ठरतं आईच्या जनुकांवर, बापाचा त्यात काही हात नाही. वाचलं होतं, पण बरणीत पाहिल्यावर दोनदा मोजलं.

ही मूळची आपल्याकडची, भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतची. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोस्टा रिकात सापडली आणि पुढे टेक्सासपर्यंत गेली. आता तिकडच्या माश्यांच्या अळ्याही खाते.

मुलींच्या आईकडून आलेल्या या पोरींपैकी साधारण निम्म्यांना पुढे मुलगे व्हायला हवेत. ते पडताळायचंय, पण ५३ मुली आणि घरात स्थळ एकही नाही. पडवीत पुन्हा बांगड्याची डोकी ठेवलीत.