७५३ सालचे पान

सालवार इतिहासाचे काम आमच्या कचेरीत चालू होते. एका सालाला एक पान. वर तेव्हाच्या राज्यकर्त्यांची यादी, खाली त्या वर्षातल्या घडामोडी. आठव्या शतकाची पाने माझ्याकडे होती. त्यातले ७५३ चे पान मी सगळ्यांत आधी लिहून हातावेगळे केले होते. ते साल शाळेपासून पाठ होते : बदामीच्या चालुक्यांचा शेवट, राष्ट्रकूटांचा उदय, दंतिदुर्ग.

फर्मा छपाईला जायच्या दिवशी सकाळी मी प्रूफ घेऊन बाईंकडे गेले. बाई म्हणजे आमच्या मुख्य संपादक. ताम्रपट वाचण्यातच त्यांची हयात गेली. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि ‘शेवट’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला.

“हे कशावरून?”

“सामानगडचा ताम्रपट, बाई. शक ६७५.”

“त्यात चालुक्य संपले असं लिहिलंय का? आणि वक्कलेरीचा पट पाहिलास?”

पाहिला नव्हता. कपाटातून कोरीव लेखांचे जुने खंड काढले आणि दोन्ही वाचने शेजारी शेजारी उघडून बसले. सामानगडच्या पटातला तो प्रसिद्ध श्लोक मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट, शब्दाशब्दाला थांबून वाचला. कांचीचा राजा, केरळ, चोळ, पांड्य, श्रीहर्ष आणि वज्रट यांना नमवण्यात तरबेज असलेले, दुसऱ्या कोणाला न जिंकता आलेले अफाट कर्णाटक सैन्य, म्हणजे चालुक्यांचे सैन्य, दंतिदुर्गाने मोजक्या चाकरांनिशी एकाएकी जिंकले, असे तो सांगतो. यातला श्रीहर्ष म्हणजे कनौजचा हर्ष, ज्याला दुसऱ्या पुलकेशीने नर्मदेवर अडवले होते. हरलेल्या घराण्याची शंभराहून अधिक वर्षांची कीर्ती जिंकणाऱ्याने आपल्या ताम्रपटात जपून ठेवली आहे. मला हा श्लोक फार मोठा वाटतो. पण बाई म्हणत होत्या तेच खरे होते. तो एका विजयाचे वर्णन करतो. चालुक्य संपले असे त्यात कुठेही नाही.

आणि वक्कलेरीचा पट शक ६७९ चा, म्हणजे इ.स. ७५७ चा. दान देणारा दुसरा कीर्तिवर्मा, तोच ज्याला मी ७५३ मध्ये संपवून टाकले होते. आपल्या राज्याचे अकरावे वर्ष तो बिनदिक्कत मोजतो आहे. त्याची छावणी भीमेच्या उत्तर तीरावर भंडारगविट्टगे इथे पडली होती. हे गाव म्हणजे सोलापूर जिल्ह्यातले भंडारकवठे असे मानतात. पूर्वजांची बिरुदे, वराहाची स्तुती, सगळा थाट जसाच्या तसा. पुढे दंतिदुर्गाचा चुलता पहिला कृष्ण, वेरूळच्या कैलासाचा कर्ता, याने चालुक्यांची सत्ता पुरती मोडली. पण ७५७ च्या त्या दिवशी भीमेकाठी बसून अक्षरे कोरणाऱ्या माणसाच्या लेखी चालुक्यांचे राज्य चालू होते. मी त्याच्यावर चार वर्षे आधीच फुली मारली होती, याचे मला मनापासून वाईट वाटले.

‘शेवट’ खोडून मी ‘दंतिदुर्गाचा कीर्तिवर्म्यावर विजय’ असे लिहिले. बाईंची पेन्सिल तोवर तारखेवर आली होती. “महिना कोणता?”

माघ, रथसप्तमी. हे पटातच आहे. सामानगड माझ्या आजोळपासून जवळ, गडहिंग्लज भागात. रथसप्तमीला आजी पाटावर सूर्याचा रथ काढायची, तुळशीपुढे गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवायची आणि ते उतू जाईपर्यंत आम्हाला उठू द्यायची नाही. त्या गडाच्या नावाने ओळखला जाणारा पट त्याच तिथीचा आहे, हे वाचून मी काही वेळ गप्प बसले.

पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. शक ६७५ चा चैत्र ७५३ मध्ये, तर त्याचा माघ ७५४ मध्ये. आमच्यातल्या गणित जाणणाऱ्या सहकाऱ्याने अमावास्या काढून दिली : ७५३ च्या डिसेंबरची अगदी अखेर. म्हणजे रथसप्तमी ५ जानेवारी ७५४ च्या आसपास. ज्या दानपत्रावर माझे सबंध पान उभे होते, ते या पानावर बसतच नव्हते.

मग बाकीच्या नोंदीही तपासायला घेतल्या. खलिफा अस्-सफ्फाह, चीनचा सम्राट श्वानझोंग, कॉन्स्टँटिनोपलचा पाचवा कॉन्स्टंटाइन : यादी ठीक होती. घडामोडींत पोप दुसरा स्टीफन होता. लोम्बार्ड राजा आयस्टुल्फ याने रॅव्हेना घेतल्यावर रोमला धाक पडला, म्हणून ऑक्टोबर ७५३ मध्ये पोप रोमहून निघाला, हिवाळ्यात आल्प्स ओलांडून फ्रँकांच्या पिपिन राजाकडे गेला. भेट झाली पाँतिओनला, ६ जानेवारी ७५४ ला. आणि जपानला निघालेला चिनी भिक्षू जियानझेन. पाच वेळा त्याचा प्रवास फसला, त्यात दृष्टी गेली, सहाव्या खेपेला तो क्युशूच्या किनाऱ्याला लागला. चिनी-जपानी गणनेने त्या वर्षाचा बारावा महिना, विसावा दिवस. मी तो सरळ ७५३ चा डिसेंबर धरला होता. तोही निघाला ७५४ च्या जानेवारीचा मध्य.

मी तिन्ही तारखा एका कागदावर खालोखाल मांडल्या. दानपत्राची सप्तमी आणि पोप-पिपिन भेट यांत जेमतेम एक-दोन दिवसांचे अंतर, आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत त्या आंधळ्या म्हाताऱ्याचे पाय जपानच्या जमिनीवर. एकाला दुसऱ्याची खबर नाही, तिघांच्या कालगणना तीन. इतक्या वर्षांच्या कामात अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

छपाईवाले दोनदा येऊन गेले. बाईंनी त्यांना बसवून ठेवले, पण फर्मा सोडला नाही. दुपारपर्यंत पान नव्याने लागले. वर मथळा ‘७५३-५४’, प्रत्येक नोंदीपुढे मूळ तिथी किंवा महिना, आणि राज्यकर्त्यांच्या यादीत दख्खनच्या रकान्यात दोन नावे : दंतिदुर्ग आणि दुसरा कीर्तिवर्मा. बाईंनी कोपऱ्यात सही केली.

संध्याकाळी निघण्याआधी मी ७५७ चा कोरा कागद काढला आणि पहिली ओळ लिहिली : कीर्तिवर्मा, राज्यवर्ष ११, छावणी भीमेच्या उत्तर तीरावर.