जनरल थोरातांनी १९५९ लाच सांगितलं होतं

बासष्टच्या भारत-चीन युद्धाचा विषय निघाला की पाच मिनिटांत नेहरू, संरक्षणमंत्री मेनन आणि ईशान्य सीमेवरच्या फौजेचे कमांडर जनरल कौल ही तीन नावं येतात आणि मग सगळी चर्चा त्यांच्याभोवतीच फिरत राहते. त्यात आपल्याच मातीतलं एक नाव दरवेळी राहून जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरजवळच्या वडगावचे. ज्यांना नाव माहीत असतं ते पण एवढंच सांगतात की "आर्मी चीफ व्हायचे होते, राजकारणामुळे राहिले." ते खोटं नाही, पण माझ्या मते चीफचं पद ही त्यांच्या आयुष्यातली दुय्यम गोष्ट आहे. त्यांनी ८ ऑक्टोबर १९५९ ला लिहून पाठवलेला एक अहवाल आहे ना, खरे थोरात त्यात दिसतात.

तेव्हा ते ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते, मुख्यालय लखनौला. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला चिनी सैनिकांनी आपल्या चौकीवर गोळीबार केला, आणि त्यानंतर नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची सीमा सैन्याकडे सोपवली गेली. तोपर्यंत तिथं आसाम रायफल्सच्या चौक्या होत्या, त्याही लांब लांब, एकीवरून दुसरीकडे जायचं तर कित्येक दिवस चालावं लागायचं. म्हणजे सरकारनं जबाबदारी दिली पण रस्ते नाहीत, पुरेशी माणसं नाहीत, सामान एकतर विमानातून टाकायचं नाहीतर हमाल आणि खेचरांवरून न्यायचं.

थोरातांनी याचा हिशोब मांडला आणि मला त्यांचा हाच गुण सगळ्यात मोठा वाटतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मॅकमोहन रेषेवरच्या, म्हणजे तिबेटला लागून असलेल्या सीमेवरच्या चौक्या शत्रू आल्याची खबर द्यायला ठेवा, त्यांच्याकडून लढाई जिंकायची अपेक्षा धरू नका, त्यांनी थोडा वेळ अडवायचं आणि मागं यायचं. खरी लढाई मागं द्यायची, नेफाच्या पश्चिमेकडच्या कामेंग भागात बोमडिलाच्या आसपास, जिथं आपली रसद पोचू शकते आणि चिन्यांची रसद डोंगर ओलांडून येता येता पातळ झालेली असते. यालाच पुढं थोरात लाईन म्हणायला लागले. म्हणजे सीमेजवळच्या तवांगसारखं ठिकाण सुरुवातीला सोडावं लागेल हे त्यांनी कागदावर मान्य केलं होतं, आणि त्या काळात एक इंच जमीन देणार नाही अशी भाषा संसदेत चालू असताना हे लिहायला किती हिंमत लागली असेल याचा विचार करा.

हा अहवाल लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी मान्य करून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे नेला, पण चीन हल्ला करेल हेच मेनन यांना पटत नव्हतं आणि कागद तिथंच अडला. थोरात गप्प बसले नाहीत, मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी 'लाल किला' नावाचा मोठा सराव घेतला, थिमय्या आणि बाकीचे वरिष्ठ अधिकारी हजर होते, आणि त्यात नकाशावर सगळं मांडून दाखवलं की चीन आला तर कुठून येईल, आहे त्या फौजेत आपण कुठं टिकू आणि कुठं टिकणार नाही. एवढं करूनही फारसं काही हललं नाही.

हा माणूस असा बोलू शकला कारण त्यानं युद्ध जवळून बघितलं होतं. जन्म १९०६ चा, सँडहर्स्टमधून १९२६ ला बाहेर पडले, म्हणजे ब्रिटिश सैन्यात हिंदी अधिकारी बोटावर मोजण्याइतके होते तेव्हा. पलटण मिळाली १/१४ पंजाब, म्हणजे १४ व्या पंजाब रेजिमेंटची पहिली बटालियन, आणि ही पलटण म्हणजे अक्षरशः उपखंडाचा इतिहास आहे, पुढं पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले अयुब खान याच पलटणीतले, आझाद हिंद सेना पहिल्यांदा उभी करणारे मोहन सिंग याच पलटणीतले, आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्यातले शाहनवाज खान पण इथलेच. एकाच मेसमध्ये जेवलेली माणसं आणि रस्ते किती वेगळे निघाले बघा.

दुसऱ्या महायुद्धात थोरात ब्रह्मदेशात होते. जानेवारी १९४५ ला आराकानमध्ये कांगॉची लढाई झाली, जपानी फौजेचा माघारीचा रस्ता तिथून जात होता आणि तो तोडायचा होता. ५१ ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी होते, त्या काळात ही फार मोठी गोष्ट. थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. थोरातांकडे २/२ पंजाब होती, जपानी ज्या टेकडीवर खंदक खोदून बसले होते त्या टेकडीवर त्यांच्या जवानांनी चढाई करून ती घेतली, माणसं पण बरीच गेली. तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. ही तीन नावं लक्षात ठेवा, बासष्टच्या गोष्टीत ती परत येणार आहेत.

कोरियाबद्दल आपल्याकडं जवळपास कुणीच बोलत नाही. १९५३ ला युद्धबंदी झाली पण बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते, त्यांना सांभाळायचं काम भारतावर आलं. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि प्रत्यक्ष फौजेचे, म्हणजे कस्टोडियन फोर्स इंडियाचे, प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही इतके चिडलेले की भारतीय सैनिकांनी आमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही म्हणाले, म्हणून आपल्या जवानांना इंचॉनच्या बंदरातल्या जहाजांवरून हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं. दोन्ही बाजूंचा आपल्यावर संशय, कैदी कट्टर, आतून संघटित, आणि आपल्या जवानांना गोळी न चालवता हे सगळं सांभाळायचं. एकदा कैद्यांनी आपल्या एका अधिकाऱ्याला आत ओढून नेलं. तेव्हा थोरात स्वतः त्या चिडलेल्या जमावात गेले, बोलत राहिले, आणि अधिकाऱ्याला सोडवून आणलं. एक जरी गोळी सुटली असती तर तिथं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. यासाठी त्यांना अशोक चक्र वर्ग दोन मिळालं, ज्याला आता कीर्ती चक्र म्हणतात. मला कांगॉपेक्षा पण हे शौर्य मोठं वाटतं, कारण शत्रूवर चालून जाताना रागाचा आधार असतो, इथं तोही नव्हता.

मे १९६१ ला थिमय्या निवृत्त झाले. त्यांची शिफारस थोरातांच्या नावाची होती, पण चीफ झाले जनरल थापर, आणि त्याच महिन्यात थोरात पण निवृत्त झाले. आता पुढचं बघा. १९६२ ला ईस्टर्न कमांडच्या खुर्चीवर एल. पी. सेन होते, कांगॉतले तिसरे. म्हणजे थोरातांचा सगळा हिशोब त्यांच्याच ऑफिसमध्ये, त्यांच्याच जुन्या साथीदाराकडे पडून होता. सेन यांनी काश्मीरमध्ये १९४७ ला चांगलं काम केलेलं, त्यांना नालायक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण दिल्लीहून पुढं सरका म्हणून जो दबाव आला तो त्यांच्या पातळीवर थांबायला हवा होता आणि तो थांबला नाही.

आणि मग थोरातांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं तेच झालं. ७ ब्रिगेडला थेट सीमेवर, नामका चू नदीच्या काठावर नेऊन बसवलं, समोर थागला रिजवर उंचीवर चिनी आणि आपण खाली दरीत. दहा हजार फुटांच्या वर, अंगात सुती कपडे, दारूगोळा तुटपुंजा, रस्ता नाही. २० ऑक्टोबरला हल्ला झाला आणि ब्रिगेड एका दिवसात मोडली, ब्रिगेडियर जॉन दळवी कैद झाले. बोमडिला, जिथं भक्कम तयारी करून लढायचं म्हणून थोरात सांगत होते, ते नोव्हेंबरच्या १८-१९ तारखेला पडलं, कारण तोपर्यंत तिथं तशी तयारी आणि माणसं उरलीच नव्हती. २१ नोव्हेंबरला चीननं स्वतःच युद्धबंदी जाहीर केली.

या सगळ्यात नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. तेव्हा कुठं नेहरूंना त्या १९५९ च्या अहवालाबद्दल कळलं, आणि हा मला का दाखवला नाही असं त्यांनी विचारलं हे थोरातांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पुढं राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांना घेतलं, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष पण होते, कोल्हापुरात स्थायिक झाले आणि ऑगस्ट १९९२ मध्ये गेले.

ते चीफ असते तर युद्ध जिंकलं असतं का? मला नाही वाटत. डोंगरातले रस्ते एका वर्षात होत नाहीत, बंदुका आणि गरम कपडे पण हुकूम दिला की लगेच येत नाहीत, तवांग तर त्यांच्या स्वतःच्या हिशोबात पण गेलंच असतं. पण नामका चूच्या काठावर ती ब्रिगेड बसवायच्या हुकमावर त्यांनी सही केली नसती असं मला ठाम वाटतं. २ राजपूत, १/९ गुरखा, ९ पंजाब, ४ ग्रेनेडियर्स, या पलटणींमधली कित्येक पोरं घरी परत गेली असती किंवा निदान बोमडिलाला पायाखाली घट्ट जमीन आणि पाठीमागं तोफा घेऊन लढली असती.