एका सागवानी चौकटीसाठी नऊ महिने

सोलापूरच्या साखर पेठेतलं आजोबांचं माळवद उतरवलं आणि त्याच जागेवर नवं घर बांधायला काढलं. संडास-बाथरूमला ग्रॅनाइटच्या चौकटी, आतल्या खोल्यांना मलेशियन साल लाकूड, खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या. सागवान लागणार होतं फक्त दर्शनी दाराला. एवढ्याशा लाकडासाठी मी जानेवारी 2022 पासून दसऱ्यापर्यंत वखारी पालथ्या घातल्या.

संक्रांतीनंतर पहिल्या वखारीत भाव विचारला. मार्चमध्ये परत गेलो तर घनफुटामागे वाढ. शेठ म्हणाले, "युक्रेनचं युद्ध सुरू झालंय साहेब, डिझेल बघा." जुलैत पुन्हा वाढ. या वेळी कारण डॉलर. मला वाटलं, हे तर पेट्रोल पंपासारखं झालं, रोज नवा आकडा. म्हटलं, आता मुळाशीच जाऊ.

मुळाशी नेलं तिसऱ्या वखारीतल्या म्हाताऱ्या दिवाणजींनी. त्यांनी आधी मलाच विचारलं, "सागवान म्हणजे कुठलं सागवान?" मी गप्प. त्यांच्या वखारीत तीन थप्प्या होत्या. एक सीपीची, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडची, वनखात्याच्या बल्लारशाच्या डेपोत लिलावाने घेतलेली. एक कर्नाटकातल्या दांडेलीची. आणि सर्वांत मोठी दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची, जी कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या गिरण्यांत चिरली जाते आणि ट्रकने सोलापूरला येते. पूर्वी बर्मा टीक यायचं. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली.

या तिन्ही थप्प्यांचे भाव एकाच कारणाने हलत नाहीत, हे मला तिथे उमगलं. आपल्याकडच्या जंगलातला माल भाव वाढला म्हणून वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन या जंगलतोडीच्या खटल्यातल्या आदेशापासून जंगलातली तोड मंजूर कार्य आयोजनेप्रमाणेच, म्हणजे वनखात्याच्या आराखड्याप्रमाणेच होते. शेतकऱ्याच्या बांधावरचं सागाचं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि वाहतूक परवान्याशिवाय हलवता येत नाही. पावसाळ्यात तोड आणि ओढणी थांबते. म्हणजे माल ठरलेला, बोली लावणारे वाढले की भाव चढणार.

बाहेरच्या मालाचं गणित डॉलरवर. जानेवारीत डॉलर 75 रुपयांच्या आसपास होता, सप्टेंबर संपता संपता 81 वर गेला. म्हणजे लाकडात काही फरक न पडता आठ टक्के वाढ. शेठ खोटं बोलत नव्हते. पण 2021 मध्ये आकाशाला भिडलेलं कंटेनरचं समुद्री भाडं 2022 मध्ये उतरत चाललं होतं, ते मात्र मला एकाही वखारीत कुणी आपणहून सांगितलं नाही. मी दिवाणजींना हे विचारलं तर ते हसले. "आज विकतोय तो माल चार महिन्यांपूर्वीच्या डॉलरचा. भाव आजच्या डॉलरचा. उतरताना आम्हाला जुना डॉलर आठवतो." इतका सरळ माणूस मला त्या नऊ महिन्यांत दुसरा भेटला नाही.

वर 18 टक्के जीएसटी. "बिल पाहिजे का?" हा प्रश्न दोन ठिकाणी ऐकला.

आता खरी गंमत. दुसऱ्या वखारीचा भाव पहिलीपेक्षा दहा टक्क्यांनी कमी होता आणि मी तिथे बयाणा द्यायला निघालोच होतो. मिस्त्री म्हणाले, "मालक, आधी टेप लावा." चौकट सात फूट बाय साडेतीन, लाकूड पाच बाय तीन इंची. दोन उभे, एक माथा, एक उंबरा मिळून 21 फूट. पाच गुणिले तीन गुणिले एकवीस भागिले 144, म्हणजे 2.19 घनफूट. दुसऱ्या वखारीतला 'तीन इंची' माल प्रत्यक्षात अडीच भरला. अडीचने हिशेब केला तर 1.82 घनफूट. पैसे मात्र 2.19 चे. पहिल्या वखारीत भाव जास्त होता, पण चिरलेल्या मालाचं माप घेऊन पैसे लावायचे. अडीच इंचाची तीच चौकट तिथे स्वस्त पडत होती! त्या अर्ध्या इंचात किती लाकूड जातं माहीत आहे? 0.36 घनफूट. अख्खा उंबरा.

डॉलरने आठ टक्के नेले, टेपने सतरा नेले असते. मी मात्र सात महिने डॉलरच बघत बसलो होतो.

इक्वेडोरचा माल मी घेतला नाही. वीस-पंचवीस वर्षांत तोडलेलं झाड, गाठी जास्त, कडेला पांढरा भाग जास्त. तो भाग वाळवीला आवडतो. स्वस्ताई तिथून येते. आतल्या दाराला चालला असता. दिवाणजींकडचं सीपी घेतलं, तेही पितृपंधरवड्यात, जेव्हा वखारीत कुत्रं फिरकत नव्हतं. मी मागण्याआधीच दिवाणजींनी भाव थोडा सोडला. आईने मात्र बजावलं, "पैसे आज दे, पण लाकूड घटस्थापनेआधी दारात आणायचं नाही." मग ते दहा दिवस गिरणीतच पडून राहिलं. सुकलं तेवढंच.

माळवदाच्या तुळयांचीही एक कथा आहे. घरात तीन पिढ्या सांगत आल्या की त्या अस्सल सागाच्या. मिस्त्रींनी चारही तुळयांवर रंधा मारून वास घेतला. तीन कडुलिंबाच्या निघाल्या. चौथी साग. गिरणीवाला ती पात्याला लावायला तयार नव्हता, जुन्या लाकडात खिळे असतात आणि एका खिळ्यात पातं जातं. मिस्त्रींनी अर्धा दिवस खिळे उपसले, सात निघाले. चिरल्यावर पोखरलेला भाग काढून साडेतीन फूट धड लाकूड हाती आलं.

त्याचा उंबरा केला. दसऱ्याला, 5 ऑक्टोबरला, चौकट बसली. दिवाणजींच्या बिलातून 0.36 घनफूट कमी झालं.